चढणीचा मासा



मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला म्हणजे ठाणे-रायगड जिल्ह्यांतील गावकरी ओढ्याकडे धाव घेतात. डबक्यात, तळ्यात, खाडीच्या तोंडाशी उन्हाळाभर दडून बसलेला मासा त्या रात्री पाण्याच्या धारेला तोंड देऊन वर चढू लागतो. कोणी त्याला वलगणीचा मासा म्हणतात, कोणी चढणीचा. आपल्या आरे कॉलनीतल्या पाड्यांवरील वारली बांधवांना तो काही पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. मासा चढतो कशासाठी, तर अंडी घालण्यासाठी. पोटात पुढची पिढी घेऊन तो उलट्या पाण्यातून वर जातो, आणि नेमका त्याच वेळी तो आपल्या हाती सर्वांत सहज सापडतो. आजच्या माझ्या विषयाचे सारे मर्म ह्या एका गोष्टीत आहे.

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले ते कामगार चळवळीतला माणूस म्हणून. मी मत्स्यशास्त्रज्ञ नव्हे, आणि कॉलेजाची पायरी मी चढलेलो नाही. परंतु ज्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, त्या विजेचा इतिहास वाचता वाचता मला एक मासा भेटला, आणि त्या माशामागे आयुष्य वेचणारी दोन माणसे भेटली. धरणे, वीज, गिरण्या, विस्थापित शेतकरी आणि नदीतला मासा ही एकाच साखळीची कडी आहेत असे माझ्या ध्यानात आले. ती साखळी आपणांपुढे उलगडून दाखवावी एवढाच आजचा हेतू.

जगात चढणीचा मासा म्हटले म्हणजे सामनचे नाव प्रथम निघते. हा मासा उत्तरेकडील थंड नद्यांत जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो, आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या जन्मनदीकडे परत येतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोलंबिया नदीवर गेल्या शतकात मोठमोठी धरणे उठली. १९३८ साली पुऱ्या झालेल्या बॉनव्हिल धरणाला माशांनी चढून जावे म्हणून पायऱ्या ठेवण्यात आल्या. परंतु पुढे १९४२ साली उभ्या राहिलेल्या ग्रँड कूली धरणाला तशी वाटच ठेवली नाही. त्यामुळे त्याच्या वरच्या अंगाचे शेकडो मैलांचे पाणी सामनला कायमचे बंद झाले. कोलंबियाची उपनदी असलेल्या स्नेक नदीतील सॉकाय जातीचा सामन १९९१ साली नष्टप्राय म्हणून जाहीर झाला, आणि १९९२ साली आयडाहोमधील रेडफिश सरोवरापर्यंत त्या जातीचा एकच नर परत पोचला. लोकांनी त्याचे नाव ‘एकटा लॅरी’ असे ठेवले. त्या एका माशापासून आणि हाती लागलेल्या इतर थोड्या माशांपासून ती जात सावरण्याचा खटाटोप तेथील शास्त्रज्ञांनी चालविला. सामनच्या पुनर्वसनावर त्या देशात आयुष्ये खर्ची पडली आहेत.

आपल्याकडे सामन नाही. पण आपल्या सह्याद्रीच्या नद्यांत त्याच्या तोलाचा एक मासा आहे. त्यास इंग्रज शिकारी महाशीर म्हणत. आपले मावळातले लोक खडशी म्हणतात. तो समुद्रात जात नाही. नदीतच राहतो, पण पावसाळ्यात धारेविरुद्ध वर चढतो आणि स्वच्छ, खळाळत्या पाण्यात, खडीगोट्यांच्या तळावर अंडी घालतो. मोठ्या रुपयासारखे चकचकीत खवले, जाड ओठ, आणि गळाला लागला असता तासतास झुंज देणारी ताकद, यांमुळे त्याची कीर्ती दूरवर गेली.

ह्या माशाच्या शास्त्रीय नावाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला लष्करी अधिकारी. मुंबई सरकारने त्याजकडे दख्खनच्या मुलखाची सांख्यिकी पाहणी सोपविली होती. माणसे, पिके आणि बाजारभाव मोजता मोजता त्याने पक्षी मोजले, मासेही मोजले. १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या इतिवृत्तात त्याने दख्खनच्या माशांची वर्णने मांडली आणि १८४१ साली ती सविस्तर छापून निघाली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पात्रात मिळालेल्या महाशीरास त्याने ‘खुद्री’ असे नाव दिले. घोड नदीतल्या दुसऱ्या एका माशास ‘मुसुल्ला’ म्हटले, तिसऱ्यास ‘कोलुस’. ही नावे लॅटिन नव्हेत, ग्रीकही नव्हेत. आपल्या भोयांच्या आणि कोळ्यांच्या तोंडची नावे ऐकून त्याने तशीच्या तशी शास्त्रात नेऊन बसविली. आज जगातल्या कोणत्याही ग्रंथात दख्खनचा महाशीर ‘टोर खुद्री’ ह्याच नावाने ओळखला जातो. ज्या भोयाने साइक्साला हे नाव सांगितले त्याचे स्वतःचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही. इतिहासात असे वारंवार घडते. श्रमिकाचा शब्द राहतो आणि श्रमिक पुसला जातो.

साइक्साच्या पूर्वीपासून ह्या माशाला आपल्या लोकांनी एक संरक्षण दिले होते. नदीचा जो डोह देवाचा, त्यातला मासा कोणी मारावयाचा नाही. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड म्हणून डोह आहे. तेथील मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. वाडे तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथील शंकराच्या देवळापाशी असाच डोह आहे. लोक पुरीचे, भाताचे घास टाकतात आणि महाशिरांचे थवे वर येतात. ह्यास कोणी भाबडेपणा म्हणेल. पण उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा मोठे मासे खोल डोहांतच तग धरतात, आणि तेच पुढच्या पावसात चढून अंडी घालतात. डोह राखणे म्हणजे नदीचे बियाणे राखणे होय. ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी देवीच्या नावे सांगितली, आजचे शास्त्र दुसऱ्या शब्दांत सांगते.

आता विजेकडे वळू. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाच्या धुराऐवजी पाण्याची वीज द्यावी ही कल्पना जमशेटजी टाटांची. ते १९०४ साली वारले. परंतु त्यांच्या मागून ती योजना उभी राहिली. १९११ साली लोणावळ्यास धरणाची पायाभरणी झाली आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईकडे वीज वाहू लागली. लोणावळा, वळवण, शिरवता हे तलाव त्या योजनेचे. पुढे १९२२ साली आंध्र नदीचे पाणी अडवून ठोकळवाडीच्या तलावावर भिवपुरीचे वीजघर चालू झाले, आणि १९२७ साली मुळशीच्या तलावावर भिऱ्याचे. ह्या योजनांतले कौशल्य असे की, जे पाणी इंद्रायणी, मुळा ह्या नद्यांतून पूर्वेकडे, भीमा-कृष्णेकडे जावयाचे, ते अडवून घाटमाथ्यावरून पश्चिमेस कोकणात उतरविले. उंचावरून पडणाऱ्या पाण्याने चाके फिरली, आणि मग ते पाणी पाताळगंगा, उल्हास, कुंडलिका ह्या नद्यांना मिळाले. नद्यांची दिशाच माणसाने फिरविली.

ह्या विजेने गिरणगावातल्या माणसाला काम दिले, हे मी कामगार चळवळीतला माणूस नाकारणार नाही. पण त्याची किंमत कोणी दिली? मुळशी पेट्यातील मावळ्यांनी दिली. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी तेथे सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. ह्याच लढ्यात बापटांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली. सुमारे पन्नास गावांच्या भातजमिनी पाण्याखाली जावयाच्या होत्या. लढा १९२४ पर्यंत चालला, लोक तुरुंगात गेले, आणि शेवटी धरण झाले. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी संघटितपणे उभारलेल्या जगातल्या आरंभीच्या लढ्यांपैकी हा एक होय. मावळ्याची बाजू मांडावयास सेनापती होते. नदीतल्या खडशीची बाजू मांडणारे कोणीच नव्हते, आणि त्या काळी तो विचार कोणाच्या मनात येणेही कठीण होते.

असे असता खडशीची बाजू घेणारा माणूस पुढे निघाला तो मुंबई सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्यातून. त्यांचे नाव डॉ. सी. व्ही. कुलकर्णी.

कुलकर्णी हे नाव शास्त्राच्या जगात प्रथम गाजले ते एका इवल्याशा माशामुळे. आपल्या किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्यात सुमारे दोन सेंटिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक मासा असतो. इतका लहान आणि इतका निरुपयोगी मासा बाजाराच्या दृष्टीने कस्पटासमान. कुलकर्ण्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळला आणि त्यांस आढळले की ह्याच्या नराचा गुदपर एका अवजारासारखा बनलेला आहे, त्याच्या साहाय्याने तो मादीला वीर्याच्या पुड्या चिकटवितो, आणि मादी मग फळलेली अंडी पाणवनस्पतींवर घालते. असा प्रकार तोवर अज्ञात होता. १९४० साली त्यांनी ह्या माशाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यास ‘होराइक्थिस सेत्नाई’ असे नाव दिले. नावातला पहिला भाग भारतीय मत्स्यशास्त्राचे अध्वर्यू डॉ. सुंदरलाल होरा यांच्या सन्मानार्थ, आणि दुसरा मुंबईच्या मत्स्यखात्याचे डॉ. सेटणा यांच्या सन्मानार्थ. पुढील संशोधकांनी त्याचे कुळ बदलून त्यास ‘ओरायझियास’ गणात घातले, तरी सेटण्यांचे नाव आणि कुलकर्ण्यांचे श्रेय कायम आहे.

पुढे कुलकर्णी मुंबई राज्याच्या मत्स्यखात्याचे संचालक झाले. संचालक म्हणजे कागदांचा ढीग, मच्छीमारांच्या तक्रारी, यांत्रिक होड्या, बर्फाचे कारखाने, गोड्या पाण्यातील तळी. अशा खुर्चीवर बसलेल्या माणसाचे संशोधन बहुधा तिथेच संपते. कुलकर्ण्यांचे संपले नाही. दोन सेंटिमीटरच्या माशावरून त्यांची नजर दीड-दोन हात लांबीच्या महाशीराकडे गेली.

त्यांच्या पुढचा प्रश्न समजून घेण्यासाठी त्या काळच्या मत्स्यशेतीची स्थिती पाहावयास हवी. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात वाढतात, परंतु तळ्याच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. म्हणून त्यांचे बीज पुरातल्या नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात अंगूळ येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतील पियूष ग्रंथीचा अर्क टोचून हे मासे तळ्याकाठी वितविण्यात यश मिळविले. तेव्हापासून देशात मत्स्यबीजाचा सुकाळ झाला, आणि तो दिवस आज मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो.

मात्र महाशीराची रीत ह्याहून निराळी. रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे लाख-दोन लाख अंडी देते. महाशीराची काही हजारच. रोहूचे अंडे पंधरा-अठरा तासांत फुटते. महाशीराचे अंडे जड, पिवळसर, तळाशी बसणारे, आणि फुटावयास तीन-चार दिवस घेते. फुटल्यावरही पिल्लू काही दिवस तळाच्या गोट्यांच्या फटीत पडून राहते. म्हणजे तळ गाळाने झाकला, पाणी तापले किंवा नासले, तर ते गुदमरून मरते. रोहू हजारो मेले तरी एका पावसात भरपाई करतो. महाशीराला एक वाईट पावसाळा वर्षानुवर्षे भोवतो. त्यात सुरुंगाने मासे मारणारे, नदीत विष कालविणारे, आणि चढणीच्या वेळी जाळी आडवी लावणारे. सुरुंगाला आणि विषाला १८९७ च्या मासेमारी कायद्यानेच बंदी आहे. पण कायदा पुस्तकात आणि सुरुंग नदीत, अशी स्थिती राहिली.

कुलकर्ण्यांनी काम मांडले ते लोणावळ्यास, टाटांच्या त्याच वीज-तलावांवर. धरणांनी नदी अडली होती, पण तलावांत खडशी टिकून होती. पावसाळ्यात डोंगरातले ओढे तलावाला मिळत त्या मुखांशी ती अंडी घालण्यास जमत असे. नेमक्या त्या जागी, नेमक्या त्या दिवसांत मासा धरावयाचा, मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी परातीत घ्यावयाची, त्यांवर नराचे वीर्य मिसळावयाचे, आणि माशाला इजा न करता पुन्हा पाण्यात सोडावयाचे. ऐकावयास सोपे. पण आषाढातला लोणावळ्याचा पाऊस, अंधार, गुडघाभर चिखल, हातातून निसटणारा दहा-पंधरा पौंडांचा मासा, आणि तो पिकलेला आहे की नाही हे बोटांच्या स्पर्शाने ओळखण्याचा अंदाज. हे सारे जमावयास वर्षे लागतात. १९७१ च्या सुमारास कुलकर्ण्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात खडशीच्या वीणीची, अंड्यांची आणि पिल्लांच्या वाढीची हकीकत प्रसिद्ध केली. दख्खनच्या महाशीराचा जन्मवृत्तांत असा प्रथम नीट लिहिला गेला.

ह्या कामात त्यांस जोडीदार लाभले शशांक ओगले. टाटा कंपनीच्या लोणावळ्यातील मत्स्यकेंद्राचे काम ओगल्यांनी अनेक वर्षे चालविले. १९७८ साली दोघांनी मिळून महाशीराची सद्यःस्थिती आणि त्याचे कृत्रिम प्रजनन ह्यांवर लेख लिहिला. १९७९ साली त्यांनी एक छोटी पण अत्यंत उपयुक्त गोष्ट सांगितली: महाशीराची फळलेली अंडी पाण्याच्या पिंपातून न नेता ओल्या कापसात गुंडाळून विमानाने दूरवर पाठविता येतात. विचार करा, पाण्याचे ओझे गेले. जिवंत बियाणे डब्यातून देशभर जाऊ लागले. जी गोष्ट गरीब मुलखाला परवडेल तीच खरी युक्ती, असे मला वाटते. पुढे तळ्यात वाढविलेल्या माशांपासूनही अंडी मिळू लागली. खुद्रीबरोबर हिमालयातला पुतितोरा आणि मध्य भारतातला टोर ह्या जातींचेही प्रजनन तेथे झाले. अंड्यांतून जिरे, जिऱ्यांतून बोटुकली, आणि बोटुकल्यांचे लाखो नग लोणावळ्याहून महाराष्ट्रातील तलावांत आणि इतर राज्यांतील नद्यांत गेले.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. शास्त्रज्ञांची नावे लेखांवर येतात आणि ती यावयासच हवीत. परंतु रात्री पाण्यात उभे राहून जाळे ओढणारे, परातीतले मेलेले अंडे चिमट्याने वेचून काढणारे, पाण्याची धार बंद पडली तर धावत जाणारे जे कामगार, त्यांच्या हातांवाचून एकही बोटुकली झाली नसती. एका बुरसटलेल्या अंड्यापासून भोवतालची सारी अंडी नासतात. म्हणून ते वेचण्याचे काम दिवसातून कितीदा तरी करावे लागते. शास्त्र हेही एक कारखान्यासारखे सामुदायिक काम आहे.

इथवरची हकीकत यशाची झाली. ज्या कंपनीच्या धरणांनी नदी अडविली, तिच्याच तलावांवर त्या नदीचा मासा सांभाळला गेला. सरकारी संचालक आणि खाजगी कंपनीतला शास्त्रज्ञ ह्यांनी परस्परांच्या हातात हात घालून एक लुप्त होऊ पाहणारी जात वाचविली. हे श्रेय त्यांना उघडपणे द्यावयास हवे. पण इतिहास यशापाशी थांबत नाही.

लोणावळ्याच्या बीजातले निळसर परांचे महाशीर दक्षिणेत कावेरी नदीतही सोडण्यात आले. कावेरीत मूळचा एक वेगळा महाशीर होता. पाठीवर वशिंड असलेला, नारिंगी परांचा, प्रचंड वाढणारा. गळाने मासे धरणाऱ्यांच्या छावण्यांतून वर्षानुवर्षे नोंदी ठेवलेल्या होत्या: कोणत्या दिवशी, किती वेळात, कोणता मासा. १९९८ ते २०१२ ह्या काळातल्या त्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन प्रभृती संशोधकांनी तपासल्या आणि २०१५ साली निष्कर्ष मांडला. एकूण महाशीर वाढले होते; पण वाढले ते बाहेरून आलेले, आणि वशिंडाचा मूळ रहिवासी मात्र दिसेनासा होत चालला होता. म्हणजे नुसती बेरीज पाहणारा खूश होता, आणि बेरजेच्या आत एक जात संपत होती. २०१८ साली ह्या वशिंडाच्या माशाची शास्त्रीय ओळख ‘टोर रेमादेवी’ अशी निश्चित झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. उलट आपली खुद्री, जी काही वर्षांपूर्वी जागतिक यादीत संकटग्रस्त होती, ती पुढच्या फेरतपासणीत कमी चिंतेच्या वर्गात आली.

ह्यासाठी कुलकर्णी-ओगल्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा अन्याय होईल. त्या काळी महाशीरांच्या जातींची वाटणीच नीट झालेली नव्हती. वशिंडाच्या माशाला तर निश्चित शास्त्रीय नावही नव्हते. महाशीर तो महाशीर, नदीत कमी झाला तर आणून सोडा, हीच सर्वत्र समजूत होती. शिवाय कावेरीच्या मूळ माशाला धरणांनी, वाळूउपशाने आणि सुरुंगांनी आधीच कोंडीत धरले होते. शास्त्राला उद्याचे ज्ञान आज नसते. परंतु उद्या आल्यावर ते नाकारणे हा मात्र गुन्हा होय.

आम्हां गिरणी कामगारांत ‘बदली’ म्हणून एक शब्द आहे. कायम कामगार आला नाही की दारात उभ्या असलेल्या बदल्यास आत घेतात. साचा चालू राहतो, कापड निघते, मालकाच्या वहीत माणसांची संख्या पुरी दिसते. पण म्हणून जो घरी बसला त्याचा संसार चालतो असे नव्हे. कावेरीत असेच झाले. नदीच्या वहीत संख्या भरली, पण भरली ती बदल्यांनी. बदल्याचा काही दोष नसतो. तोही पोटासाठी उभा असतो. दोष असतो तो, संख्या पुरी झाली म्हणजे प्रश्न सुटला असे मानणाऱ्या हिशेबाचा.

सामनच्या देशातही हाच धडा लोक शिकले, आणि फार महागात शिकले. कोलंबियाच्या खोऱ्यात बीजकेंद्रे १८७० च्या दशकापासून आहेत. धरण बांधताना सांगावयाचे की, वरची वाट बंद झाली तरी काळजी नको, आम्ही खाली कारखान्यात मासे काढून देऊ. कोट्यवधी पिल्ले सोडली गेली, तरी नदीत जन्मलेला सामन घटतच राहिला. कारण हौदात वाढलेल्या पिल्लाला पुराचा, शत्रूचा आणि भुकेचा अनुभव नसतो. आणि पिढ्यान्‌पिढ्या हौदाला सरावलेले रक्त नदीच्या रक्तात मिसळले की नदीच्या माशाचेही बळ कमी होते. शेवटी काही ठिकाणी लोकांनी मूळ रोगालाच हात घातला. वॉशिंग्टन राज्यातील एल्व्हा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ ह्या काळात फोडून टाकली. क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ साली काढण्याचे काम पुरे झाले. युरोक, कारुक आदी मूळच्या आदिवासींनी त्यासाठी अनेक दशके लढा दिला होता. त्याच वर्षीच्या शरदात, शतकाहून अधिक काळ बंद असलेल्या पाण्यात सामन चढून गेला. वाट मोकळी होताच मासा आपला आपण आला.

मग आपण आपली धरणे फोडावी काय? मी असे म्हणत नाही. मुंबईला पाणी आणि वीज हवी, आणि ज्याच्या घरात नळ आहे त्याने धरणाला नुसत्या शिव्या घालणे शोभत नाही. माझे म्हणणे एवढेच की, बीजकेंद्र हे इस्पितळ आहे. ते घर नव्हे. रोगी इस्पितळात वाचतो हे खरे, पण त्याला परत पाठवावयाचे घर शाबूत हवे. इंद्रायणीत सांडपाणी सोडावयाचे आणि लोणावळ्याच्या बोटुकल्या तीत सोडून फोटो काढावयाचे, ह्याला पुनर्वसन म्हणता येणार नाही. मुळशीच्या शेतकऱ्याला पैसे देऊ केले होते; त्याला हवी होती जमीन. माशालाही बोटुकल्यांची भर नको आहे, नदी हवी आहे.

ह्या दृष्टीने आपल्या अंगणातले पाणी पाहा. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, पवई १८९१ चा. विहार-पवईच्या सांडव्यातून निघणारी मिठी, आणि आरेच्या टेकड्यांतून निघणारी ओशिवरा, ह्या आपल्या नद्या. १९४९ साली येथे दूध कॉलनी वसली. शहरातले गोठे येथे आले आणि मुंबईला शुद्ध दूध मिळू लागले, हे मोठे काम झाले. परंतु त्याच गोठ्यांचे शेणपाणी वर्षानुवर्षे ओढ्यांत उतरले, आणि खाली कारखाने व वस्त्या ह्यांनी मिठीचा नाला करून टाकला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कोंडलेली मिठी घराघरांत शिरली, तेव्हा ती नदी आहे हे शहराला आठवले. मिठी पुन्हा नदी करावयाची तर काठ काँक्रीटने बांधून भागणार नाही. वरच्या ओढ्यांत मासा चढतो की नाही, हे मोजावे लागेल. शास्त्रज्ञाची उपकरणे नसली तरी हे मोजता येते. पाड्यावरल्या माणसाला विचारा. कोणत्या ओढ्यात पूर्वी काय मिळे आणि आता काय मिळते, ह्याची वही त्याच्या डोक्यात आहे. साइक्साने ती वाचली होती. आपण वाचताना सांगणाऱ्याचे नावही लिहून ठेवावे.

आणखी एक सूचना करतो. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. कोळी बांधव पोटाला चिमटा घेऊन ती पाळतात, कारण तो वीणीचा काळ. गोड्या पाण्याच्या ओढ्याला असा विसावा गावोगाव लोकांनीच ठरवून दिला तर? चढणीचे पहिले काही दिवस जाळे आडवे घालावयाचे नाही, विष तर मुळीच नाही, आणि नदीचा एक तरी डोह सोडून द्यावयाचा. वरदायिनीच्या नावाने सोडा किंवा शास्त्राच्या नावाने सोडा. कोणाच्या हक्काच्या घासावर पाय न देता, ज्यांचा घास आहे त्यांनाच बरोबर घेऊन हे ठरले पाहिजे. वरून लादलेला नियम आणि कुलूप लावलेला कारखाना ह्यांत मला फारसा फरक दिसत नाही.

कुलकर्ण्यांनी दोन सेंटिमीटरच्या माशापासून आरंभ केला. त्याला बाजारात किंमत नव्हती, शिकाऱ्याला त्याची हौस नव्हती. तरी तो कसा जगतो हे त्यांनी चिकाटीने पाहिले. लोणावळ्याच्या पावसातही ह्याच सवयीने त्यांनी खडशीचे अंडे हातात घेतले. एखादा जीव आपल्या कामाचा आहे की नाही हे ठरविण्याआधी तो कसा जगतो हे पाहणे, ही त्या माणसाची शिकवण मला सर्वांत मोठी वाटते. आणि ती माशापुरती नाही. त्यांनी आणि ओगल्यांनी मासा सांभाळून आपल्या हाती दिला आहे. आता त्याला चढण्यासाठी पाणी देणे हे काम कोणा एका शास्त्रज्ञाचे नव्हे, आपणां सर्वांचे आहे.